मापाडीने मोजलेलं कीर्तन

कुंडेगाव खोकत होतं, आणि कुंडेगाव श्रीमंत होत चाललं होतं.

या दोन गोष्टी एकाच वेळी कशा घडतात, हे कोडं अनसूयाला पडलं तेव्हा ती स्वयंपाकघरात आजोबांच्या वाफाऱ्याचं पाणी तापवत होती. बाहेर पारावरच्या मोठ्या पडद्यावरून मापाडीचा आवाज घरोघरी ऐकू येत होता. "कुंडेगावची वार्षिक उलाढाल वाढली आहे. गाव प्रगतिपथावर आहे. अभिनंदन!" आणि त्याच क्षणी माजघरात आजोबांना अशी काही ढास लागली, की भिंतीवरचा तंबोराही आपोआप झंकारला.

"आजोबा, मापाडीकाका म्हणतात गावाचं चांगलं चाललंय."

"चालू दे," आजोबा डोक्यावरून टॉवेल घेत म्हणाले. "माझा मात्र श्वास चालेना झालाय."

मापाडी म्हणजे एक यंत्रमानव. राष्ट्रीय मोजणी केंद्राने प्रत्येक तालुक्यात असा एकेक धाडला होता. त्याचं खरं नाव आकड्यांचं आणि लांबलचक होतं. पण बाजार समितीत धान्य तोलणारा मापाडी जसा दिसेल त्या पोत्यापुढे उभा राहतो, तसा हा दिसेल त्या दुकानापुढे उभा राहायचा आणि विचारायचा, "किती? केवढ्याला?" तेव्हा गावानेच त्याचं बारसं करून टाकलं. तीन चाकं, रांजणासारखं पोट आणि वर दुधी भोपळ्यासारखं डोकं. स्वभाव गरीब. शाळकरी पोरांनी पाठीवर चिकटवलेली चित्रंसुद्धा तो 'सजावट' म्हणून नोंदवून घ्यायचा.

आता गावाविषयी. कुंडेगाव डोंगरांच्या परातीत बसलेलं आहे. परातीच्या एका कडेला सोपानरावांच्या वीटभट्ट्या, दुसऱ्या कडेला द्राक्षमळे आणि बेदाण्याच्या शेड, आणि मधोमध मुरलीधराचं देऊळ. बाकीच्या जगात गाड्या विजेवर धावू लागल्या होत्या, घराघराच्या छपरावर सूर्याची पाटी (उन्हापासून वीज करणारी काच) बसली होती. पण विटा मात्र अजून जुन्याच भट्ट्यांत भाजल्या जात होत्या, आणि त्यांत कोळशाबरोबर कचरा दाबून केलेल्या कांड्या जळत होत्या. थंडीच्या दिवसांत सकाळी धूर वर जायचं नावच घेत नसे. आजोबांनी अनसूयाला एकदा त्याचं कारण सांगितलं होतं. एरवी जमिनीलगतची हवा तापून वर जाते आणि धुरालाही सोबत नेते. थंडीत उलटं होतं. गार, जड हवा परातीच्या तळाशी बसते, उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी पसरते, आणि झाकणाखाली धूर कोंडतो. याला तापमानाची उलटापालट (खाली गार आणि वर उबदार हवेचा थर) म्हणतात.

आजोबांना हे सगळं ठाऊक असायचं कारण श्रीधरबुवांनी उभी हयात महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं होतं. आणि 'बुवा' म्हणायचं कारण, संध्याकाळ झाली की तेच प्राध्यापक फेटा बांधून, हातात चिपळ्या घेऊन नारदाच्या गादीवर, म्हणजे कीर्तनाला, उभे राहायचे. माघातल्या उत्सवात मुरलीधरापुढे त्यांचं कीर्तन झालं नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं एक पद होतं. त्याची शेवटची ओळ अशी:

तुझ्याच वाऱ्यावरती देवा, तुझेच नाव तरंगे…

हा 'तरंगे' ते एका श्वासात इतका लांबवायचे, की तबल्याची आवर्तनांमागून आवर्तनं निघून जायची आणि सभामंडपातली मंडळी आपापला श्वास धरून बसायची. सूर खाली उतरला की सगळ्यांनी मिळून 'हाऽऽ' करायचं, असा गावचा रिवाजच पडला होता.

त्या दिवशी वाफारा घेऊन झाल्यावर आजोबांनी टॉवेल बाजूला केला आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "अनू, या उत्सवानंतर मी चिपळ्या देवापुढे ठेवणार."

"म्हणजे?"

"म्हणजे थांबणार. दम पुरत नाही गं. अर्धवट श्वासाने देवाचं नाव घ्यायचं, हे बरं नव्हे."

अनसूयाच्या हातातली सांडशी तशीच राहिली. ती गेल्या दोन वर्षांपासून आजोबांच्या मागे झील धरायची. झील धरणं म्हणजे बुवांच्या मागे टाळ घेऊन उभं राहायचं, आणि बुवांनी ओळ सोडली की ती उचलून पुन्हा म्हणायची. बुवाच नसले तर ती कुणाची ओळ उचलणार?

"भट्ट्या बदलल्या तर?" तिने विचारलं. "बंद भट्टी येते ना आता, विजेची? धूरच नाही तिला."

"येते की. पण महाग आहे. सरकार निम्मा खर्च देतं, मात्र त्यासाठी मापाडीने लिहून द्यावं लागतं, की या गावाचं धुराने नुकसान होतंय. आणि तुझा मापाडी तर अभिनंदन करत सुटलाय."

"त्याचा अहवाल गेला?"

"परवा जाणार. गावची सभा झाली की."

दुसऱ्या दिवशी मापाडी स्वतःच दारात हजर झाला. "नमस्कार. उत्सवातलं कीर्तन ही सांस्कृतिक सेवा आहे. मला तिची मोजणी करायची आहे. मागच्या वर्षीची ध्वनिफीत मला देवळातून मिळाली आहे."

"कीर्तन मोजतात होय?" तबल्याची चामडी सारखी करत बसलेले बशीरचाचा हसले. ते आजोबांचे जुने साथीदार. "बुवा, आता भक्तीची पावती फाडून घ्या!"

"मी भक्ती मोजत नाही. तिचं एकक उपलब्ध नाही," मापाडी गंभीरपणे म्हणाला. "मी वेळ, आवाज आणि उपस्थिती मोजतो."

अनसूया कंबरेवर हात ठेवून पुढे आली. "मापाडीकाका, गावात इतकी माणसं आजारी, आणि तुम्ही म्हणता प्रगती. कशावरून?"

"उलाढालीवरून. एका वर्षात गावात जे जे तयार झालं, विकलं गेलं आणि ज्या सेवा दिल्या गेल्या, त्यांची किंमत मी एकत्र करतो. अख्ख्या देशाची अशीच बेरीज केली की तिला राष्ट्रीय उत्पन्न म्हणतात. कुंडेगावात विटा तेवढ्याच विकल्या गेल्या. शिवाय औषधांची दुकानं वाढली. हवा गाळणाऱ्या यंत्रांची विक्री वाढली. नवा दवाखाना उघडला. सर्व आकडे वर गेले."

"पण औषधं आजारपणामुळेच विकली गेली ना?"

"कारण विचारण्याची सूचना मला दिलेली नाही."

अनसूयाला त्याचा राग आला आणि कीवही आली. काहीतरी चुकत होतं, पण नेमकं कुठे, ते तिच्या जिभेवर येईना.

त्याच संध्याकाळी उत्सव होता. देवळाच्या दीपमाळेवर दिवे लागले. धुरामुळे प्रत्येक दिव्याभोवती पिवळं वलय दिसत होतं. सभामंडप खचाखच भरला. मापाडी खांबाशी, बायकांच्या बाजूला, डोक्यावरचा दिवा मिणमिणवत उभा राहिला. "जरा सरकून उभे राहा हो, लेकरांना दिसत नाही," असं कुणीतरी म्हणताच तो निमूट सरकला.

पूर्वरंग, म्हणजे कीर्तनातला उपदेशाचा भाग, छान झाला. आजोबांनी निरूपण केलं ते श्वासावर. देवाने जन्माला घालताना पहिली देणगी दिली ती श्वासाची, आणि ती सगळ्यांना सारखी दिली; धनवंताला जास्त आणि गरिबाला कमी असा भेद त्याने केला नाही. मध्यंतर झालं. रिवाजाप्रमाणे उत्सवाचे अध्यक्ष सोपानराव उठले, त्यांनी बुवांच्या कपाळी बुक्का लावला, गळ्यात हार घातला, आणि वाकून नमस्कार केला. हेच सोपानराव भट्टीवाले. कीर्तनाचा एकही दिवस न चुकवणारा माणूस.

मग उत्तररंग सुरू झाला, म्हणजे गोष्टीचा भाग. आणि तिथे घोळ झाला.

आजोबांनी ओळ सुरू केली आणि मध्येच श्वास संपला. अनसूयाने लगेच झील धरली. बशीरचाचांनी एक लांबलचक तुकडा वाजवून जागा भरून काढली. आजोबांनी हसून हात जोडले, लोकांना वाटलं हाही रंगच आहे. पुढची ओळ, पुन्हा तेच. झील, तबला, नामाचा गजर. कुठे गोष्ट थांबली की अनसूया "विठ्ठल विठ्ठल" सुरू करायची, सगळा मंडप टाळ्या वाजवत तिच्यामागे म्हणायचा, आणि तेवढ्यात आजोबा खांबाला टेकून श्वास गोळा करायचे. गोष्टीतले दोन प्रसंग त्यांनी गाळलेच. आणि शेवटी ते पद आलं. तुझ्याच वाऱ्यावरती देवा, तुझेच नाव त…

सूर तिथेच तुटला. अनसूयाने 'तरंगे' उचललं, तिच्या कोवळ्या गळ्याला पेललं तेवढं ओढलं, आणि टाळ असा खणखणीत वाजवला की फट कुणाला दिसू नये. आरती झाली. लोक खूश होऊन घरी गेले. "पोरीने काय साथ केली!" असं जो तो म्हणत होता. पण त्या रात्री 'हाऽऽ' कुणीच केलं नव्हतं.

मंडप मोकळा झाल्यावर मापाडी गडगडत पुढे आला.

"मोजणी पूर्ण. कीर्तन मागच्या वर्षीपेक्षा बरंच लांबलं. टाळ्या वाढल्या. आवाज वाढला. निष्कर्ष: कीर्तनाची वाढ झाली. अभिनंदन!"

अनसूयाने टाळ खाली आपटले.

"वाढ? अहो, निम्मं कीर्तन आजोबांनी म्हटलंच नाही! त्यांचा दम तुटत होता, म्हणून आम्ही भरत होतो! लांबलं ते भरण्याने लांबलं! तुम्ही ठिगळं मोजलीत, काका, आणि म्हणालात, वा, केवढं कापड!"

तिचे डोळे भरून आले. बशीरचाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मापाडीच्या डोक्यावरचा दिवा निळा झाला. तो विचार करत असला की असा व्हायचा.

"माझ्याकडे सर्व आवाज साठवलेले आहेत. मी बुवांचा आवाज आणि झिलीचा आवाज वेगळा करू शकतो. करू का?"

"करा!"

दिवा थोडा वेळ लुकलुकला. "बुवांचा स्वतःचा आवाज मागच्या वर्षीच्या निम्म्याहूनही कमी आहे. गोष्टीचा भाग घटला. भरणीचा भाग वाढला. एकूण बेरीज वाढली." मग तो थांबला. यंत्राला लाज वाटत नसावी, पण त्याचा आवाज खाली आला होता. "माझा निष्कर्ष चूक होता."

पायरीवर बसलेले आजोबा उठून उभे राहिले. आता त्यांच्या चेहऱ्यावर, फळ्यापुढे उभ्या असलेल्या मास्तरांचं ते जुनं तेज आलं. "अनू, तू आत्ता काय सांगितलंस, तुला कळलं का? मापाडीमहाराज, हेच आता गावाचं करा. कुंडेगावात गाणं किती आणि झील किती, ते वेगळं करा."

सकाळी शाळेला सुट्टी होती, धुराची सुट्टी. पडद्यावर हवेची प्रत दाखवणारी पाटी लाल झाली की शाळा बंद राहायची. अनसूया, आजोबा आणि मापाडी गावात निघाले. आजोबांनी नाकातोंडावर उपरणं गुंडाळलं.

"आधी धूर म्हणजे काय ते सांगा," मापाडी म्हणाला. "कारण विचारण्याची सूचना मी स्वतःला दिली आहे."

"शाब्बास! धुरात सूक्ष्म धूलिकण असतात. आपल्या केसाच्या जाडीचे तीस भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढे किंवा त्याहून लहान. मोठी धूळ नाकातल्या केसांत अडकते. हे कण थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत उतरतात, काही तर रक्तातसुद्धा जातात. म्हणून दमा, म्हणून हृदयाचे आजार. कित्येकांचं तर आयुष्यच आखूड होतं."

पहिलं दुकान औषधांचं. "झील," अनसूया म्हणाली. मापाडीने नोंदवलं. पुढे हवा गाळणारी यंत्रं विकणारा. तोही झील. एका घराच्या छपरावर एक बाई शिडीवर चढून सूर्याच्या पाट्या पुसत होत्या.

"काय हो मावशी, रोज पुसता?" अनसूयाने विचारलं.

"न पुसून सांगते कुणाला! काजळी बसली की वीज निम्मी येते. पुसायला माणूस ठेवला होता, तो स्वतःच खोकून पडला. तो यंत्रवाला बाबा पुसून देईल का?"

"मी मोजतो," मापाडी म्हणाला. "पुसण्याची मजुरी: झील. आणि न आलेली वीज… तिची नोंद कुठे करू? ती तर आलीच नाही."

आजोबा थांबले. "आता तू खऱ्या जागी पोहोचलास. काल मी गोष्टीतले दोन प्रसंग गाळले. ते तुझ्या मोजणीत कुठे होते?"

"कुठेच नव्हते. जे गायलं गेलं नाही, ते मला ऐकू आलं नाही."

"तसंच इथे. एक झाली झील, म्हणजे भरपाईचा खर्च (नुकसान भरून काढायला करावा लागणारा खर्च). तो तू मिळकत म्हणून धरलास. आणि दुसरं मौन. जे व्हायचं होतं आणि झालंच नाही."

मग अनसूयाला मौन सगळीकडे दिसू लागलं. शाळेच्या बंद दाराशी मौन होतं. आज जे शिकायचं ते राहिलं. कुलूप लावलेल्या शिवणाच्या दुकानात होतं. लेकराला दम लागला म्हणून शिवणाऱ्या ताई त्याच्यापाशी बसल्या होत्या, म्हणजे आजारी एक आणि काम बुडालं दुसऱ्याचं. द्राक्षमळ्यात होतं, धुरकट हवेत पानांना ऊन कमी मिळतं, पान अन्न कमी तयार करतं, घड लहान राहतो. बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर वाळत पडलेल्या मण्यांवर बारीक काळी भुकटी बसली होती. शेडच्या मालकिणीने मूठभर बेदाणे अनसूयाच्या ओंजळीत घातले. "धुऊन खा हो. परदेशी माल घेणारा हेच बघून परत गेला."

मापाडी प्रत्येक ठिकाणी विचारत होता, "धूर नसता तर इथे काय झालं असतं?" हा त्याचा नवा प्रश्न होता. 'किती? केवढ्याला?' या दोन प्रश्नांपेक्षा तो अवघड होता, आणि उत्तर दर वेळी अंदाजानेच द्यावं लागत होतं. शेजारच्या, बिनधुराच्या गावांशी ताडून पाहत तो अंदाज बांधायचा.

"आणि जी माणसं वेळेआधी गेली?" अनसूयाने हळूच विचारलं.

मापाडीचा दिवा निळाच राहिला. "त्यांनी जे काम केलं असतं, त्याची किंमत मला काढता येते. त्यांची स्वतःची किंमत काढता येत नाही. त्याचंही एकक उपलब्ध नाही."

"बरं झालं," आजोबा म्हणाले. "ते देवाकडेच राहू दे. तू काम तेवढं मांड."

दुपारी सभामंडपातच सभा भरली. मापाडीने पडद्यावर दोन रेघा काढल्या. वरची रेघ गावाची उलाढाल. ती चढत होती. तिच्यातून त्याने झील वजा केली, मौनही वजा केलं. रेघ वाकली, खाली आली, आणि तीन वर्षांपूर्वीच्या जागेच्याही खाली जाऊन थांबली. मंडपात कुजबुज झाली.

सोपानराव ताडकन उठले. "म्हणजे माझ्या भट्टीने गाव बुडवलं, असंच ना? अहो, तुमची घरं कुणाच्या विटांची आहेत? मला काय धूर आवडतो? माझ्या हिशेबात ही भट्टी फायद्यात आहे, नवी घेतली तर तोट्यात जाईन. बुवा, तुम्ही तरी सांगा!"

"सोपानराव, तुमचा हिशेब बरोबर आहे," आजोबा म्हणाले. मंडप चकित झाला. "फक्त तो पुरता नाही. काल माझा श्वास तुटला. दम कुणाला लागला? या पोरीला. हात कुणाचे भरून आले? बशीरचे. चूक माझ्या छातीत, आणि खर्च त्यांच्या अंगावर. विटेची किंमत तुम्ही लावता तेव्हा माती, कोळसा, मजुरी, सगळं धरता. पण धुराचा खर्च तुमच्या खिशातून जातच नाही, मग तो तुम्हाला दिसणार कसा? तो औषधाच्या दुकानात, शाळेत, मळ्यात दुसऱ्यांच्या खिशातून जातो. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात (एकाने करायचा आणि दुसऱ्याने सोसायचा). वीट स्वस्त नाही हो. तिची उरलेली किंमत गाव भरतंय."

"दुसऱ्यांच्या खिशातून," सोपानराव पुटपुटले. "माझ्या नाही, एवढं खरं."

"दुरुस्ती," मापाडी म्हणाला. "आपल्या घरी मागच्या पावसाळ्यानंतर एक नोंद आहे. सूनबाई आणि बाळ यांचा दुसऱ्या गावचा प्रवास, आणि तिथल्या खोलीचं भाडं. मी ती 'पर्यटन' म्हणून वाढीत धरली होती. ते पर्यटन होतं का?"

मंडपात कुणीतरी फिसकन हसलं. सोपानराव खाली बसले. त्यांनी उपरण्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"बाळाला धाप लागते इथे," अखेर ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, हवा पालटा. नातवाचा पहिला दात मी फोनच्या पडद्यावर पाहिला." त्यांनी मान वर केली. "मापाड्या, ते पर्यटन नव्हतं. काढून टाक तिथून."

"झिलीत धरू?"

"झिलीत धर. आणि मदतीच्या अर्जावर माझं नाव घाल. निम्मं सरकार देईल. उरलेल्या निम्म्यात…"

"वीट थोडी महाग घेऊ की," छप्पर पुसणाऱ्या मावशी मागून ओरडल्या. "मला ती शिडी तरी चढावी लागणार नाही!"

त्याच संध्याकाळी अहवाल गेला. पण मापाडी तेवढ्यावर थांबला नाही. त्याने आपला नवा प्रश्न, "धूर नसता तर काय झालं असतं?" देशभरातल्या सगळ्या मापाड्यांना पाठवून दिला. पुढचे काही महिने गावागावांतून, शहराशहरांतून उत्तरं येत राहिली. कुठे धुक्यात अडकलेल्या गाड्या आणि विमानं, कुठे काळवंडलेलं पीक, कुठे बंद शाळा, कुठे कामावर येऊनही धापा टाकत निम्मंच काम करणारी माणसं. एकेका गावाचं नुकसान मूठभर दिसायचं. सगळ्या मुठी एकत्र केल्या तेव्हा कळलं, की देश जे कमावतो त्यातला मोठा घास दरवर्षी हवेतच विरून जातो. जणू सगळा देश एका बाजूला राबतोय आणि दुसऱ्या बाजूला झील धरतोय. मोजणी केंद्राने त्या वर्षापासून राष्ट्रीय उत्पन्नाशेजारी दुसरी रेघ काढायला सुरुवात केली. तिला सरकारी नाव वेगळंच आहे. मापाडी आपापसात तिला 'बुवांचा आवाज' म्हणतात.

भट्ट्या एका दिवसात बदलल्या नाहीत. एक बदलली, मग दुसरी. आजोबांनीही अनसूयाला खोटी आशा लावली नाही. "फुफ्फुसाचं जे गेलं ते परत येत नाही, बाळ. सूज उतरते, तेवढं खरं." चिपळ्या मात्र त्यांनी देवापुढे ठेवल्या नाहीत. खुंटीला अडकवल्या, आणि रोज सकाळी परातीच्या कडेवर, डोंगराच्या वाटेने फिरायला जाऊ लागले. आधी पहिल्या वळणापर्यंत. मग पुढच्या.

पुन्हा माघ आला. दीपमाळेवरच्या दिव्यांना यंदा वलयं नव्हती. दिवे दिव्यांसारखे दिसत होते. सोपानरावांनी बुक्का लावला तेव्हा त्यांच्या कडेवरच्या नातवाने बुवांचा हार ओढायचा प्रयत्न केला, आणि मंडप हसला. खांबाशी मापाडी उभा होता. त्याच्या पाठीवर पोरांनी यंदा टाळ-चिपळ्यांचं चित्र चिकटवलं होतं.

उत्तररंग सुरू झाला. अनसूया टाळ सावरून मागे उभी राहिली. प्रत्येक ओळीला तिचं लक्ष आजोबांच्या खांद्यांकडे होतं, कारण श्वास संपत आला की आधी खांदे उचलले जायचे. एक प्रसंग झाला, दुसरा झाला. दोनदा खांदे उचलले गेले, तिने झील धरली. त्यानंतर नाही. मग शेवटचं पद आलं. तिने टाळ वर केले, जिभेवर 'तरंगे' तयार ठेवलं.

तुझ्याच वाऱ्यावरती देवा, तुझेच नाव तरंगे…

सूर निघाला. पूर्वीइतका लांब नव्हता, थोडा थरथरत होता. बशीरचाचांनी एक आवर्तन पूर्ण केलं आणि वर पाहिलं. सूर चालूच होता. अनसूयाचे टाळ हवेत तसेच राहिले. तिला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. सूर आपल्या पायांनी खाली उतरला, जागेवर येऊन टेकला, आणि सगळ्या मंडपाने, सोपानरावांसकट, सूनबाईंसकट, शिडीवाल्या मावशींसकट, साठवून ठेवलेला श्वास सोडला.

"हाऽऽ!"

आरती झाल्यावर मापाडी गडगडत पुढे आला.

"मोजणी पूर्ण," तो म्हणाला. "कीर्तन मागच्या वर्षीपेक्षा पुष्कळ आखूड झालं. टाळ्या कमी. टाळांचा आवाज कमी. झील जवळजवळ नाही." त्याचा दिवा क्षणभर निळा झाला.

"निष्कर्ष: वाढ," मापाडी म्हणाला. "अभिनंदन, अनसूया."